उंबरठ्यावरचा फुलबॅक

अण्णा चुरीला मांडी घालता येत नव्हती, आणि सख्ख्या भावाच्या लग्नात, भर मांडवात, नेमकी हीच गोष्ट गुप्तेसाहेबांपासून लपवायची होती.

गुप्तेसाहेब म्हणजे फुटबॉल मंडळाचे सेक्रेटरी. देशाच्या संघाला कोच नेमायचा होता आणि अण्णाचं नाव वर होतं. मुंबईत एका गिरणीच्या संघात पगार घेऊन तो वर्षानुवर्षं फुलबॅक खेळला होता. भले भले फॉरवर्ड त्याच्यापाशी येऊन थांबत आणि आल्या वाटेने परत जात. पण उजवा गुडघा गेला, खेळ संपला आणि खेळाबरोबर गिरणीही सुटली. आता ही नेमणूक हुकली, तर घोलवडच्या वाडीत चिकू उतरवत बसायचं. चिकूशी अण्णाचं काही वैर नव्हतं, पण चिकू कधी अंगावर धावून येत नाही, ही त्याची खरी अडचण होती.

साहेबांची अट एकच होती. "खुर्चीत बसून हुकूम सोडणारा कोच मला नको. पोरांबरोबर पळणारा हवा." लग्नाची पत्रिका मिळताच ते घोलवडला हजर झाले होते, ते श्रीखंडासाठी नव्हे, माणूस जवळून बघायला.

अक्षता पडल्या, पानं मांडली गेली. साहेब पाटावर ऐसपैस बसले आणि शेजारचा पाट थोपटत म्हणाले, "या अण्णा, बसा!"

अण्णा बसला असता तर उठवायला चार माणसं लागली असती. त्याने जवळून चाललेल्या वाढप्याच्या हातातली वरणाची बादलीच हिसकावली. "छे छे साहेब! घरचं कार्य! मी बसून कसं चालेल?"

आणि तो सुटला. डाव्या पायावर भार, उजवा नुसता सोबतीला, अशी त्याने पंगत पार केली. "वा!" साहेब म्हणाले, "या वयात काय चपळाई!" हे ऐकल्यावर बादली खाली ठेवणं शक्यच नव्हतं. दुसरी पंगत झाली, तिसरी झाली. नवरीकडची चिंचणीची मंडळी खाणारी आणि आग्रहाला मान देणारी. शेवटचं पान उठलं तोवर धोतराच्या आत गुडघ्याचं शहाळं झालं होतं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण अण्णाची ही धावपळ आणखी एका माणसाने पाहिली होती. ती त्याची बहीण, चंपा.

नवरानवरी मारुतीच्या देवळात जाऊन घरी परतली, की नवऱ्याच्या बहिणीने दार अडवायचं, हा रिवाज. 'तुझी लेक माझी सून करशील?' असं तिने विचारायचं, भावजयीने हो म्हणायचं, मगच उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायाने लवंडून आत यायचं. इतर घरांत याला गंमत म्हणत. चंपा गंमत करत नसे. तिचा रघ्या सहा वर्षांचा होता आणि जन्माला न आलेली ती सून तिच्या डोळ्यांसमोर घागर घेऊन उभी होती.

"अण्णा, दारात तू उभा राहा," ती म्हणाली.

"मी? अगो, हा बहिणीचा मान!"

"मान माझाच. अंग तुझं. ही नवरी, नर्मदा, साधी नाही हो! चिंचणीच्या वाळूत भावांबरोबर आट्यापाट्या खेळत वाढलीय. हुलकावणी देऊन कधी पार जाईल ते कळायचं नाही. वचन न देता आत शिरली तर माझ्या रघ्याचं काय?"

अण्णा नाही म्हणणार, तोच आतून साहेबांची टाळी ऐकू आली. "फस्क्लास! चुरींचा बचाव बघायला मिळणार!" आणि समोरून नीट दिसावं म्हणून त्यांनी आत माजघरात खुर्चीही टाकली.

झालं. अण्णा दारात हात पसरून उभा राहिला. मागे चंपा. ओटीवर नवरानवरी, शेला-उपरण्याच्या गाठीने बांधलेली. पुढे नवरदेव सदू नुसता लाजत होता.

"देतेस का वचन?" चंपा अण्णाच्या काखेतून ओरडली.

नर्मदेने मान खाली घातली. मग तिने हळूच डावीकडे पाहिलं, खांदा डावीकडे झुकवला. अण्णाही झुकला. तेवढ्यात ती उजवीकडून निघाली. अण्णाचं मन तिच्याबरोबर वळलं, गुडघा मात्र जागेवरच राहिला. नर्मदा आत, सदू बाहेर, आणि मधे ताणलेली लग्नगाठ बरोबर अण्णाच्या गुडघ्यावर. "आई गं!" करून देशाचा भावी कोच उंबऱ्यावर आडवा झाला आणि त्याच्या पायाने माप लवंडलं. तांदूळ माजघरभर पसरले.

"अगो बाय!" शेजारच्या म्हाताऱ्या रखमाबाईंनी कपाळाला हात लावला. "माप अण्णानं लवंडलं! आता या घरात सून कोण म्हणायची?"

नवरानवरीला पुन्हा बाहेर काढण्यात आलं. माप नव्याने भरून उंबऱ्यावर ठेवलं. अण्णाला आत भिंतीशी टेकवून गुडघ्यावर हळद चोपडली. साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली." अण्णाला रडू यायचंच बाकी होतं. "लपवलं मी. खेळाशिवाय मला दुसरं काही येत नाही, साहेब."

"पण ती गेली कशी? मला तर दिसलंच नाही."

"नजर आणि खांदा खोटा होता. कंबर खरं बोलत होती. मी नजरेकडे बघितलं तिथेच चुकलो. पोरांनी कंबरेकडे बघायला हवं."

साहेब घड्याळ बघून म्हणाले, "मंडळापुढे विचार ठेवू. बघू. मला मुंबईची गाडी गाठायचीय."

'बघू' म्हणजे काय हे अण्णाला कळलं. चंपेलाही कळलं. ओटीकडे पाठ करून, दोन्ही हात चौकटीला लावून ती साहेबांच्या समोर उभी राहिली.

"बाई, गाडी!"

"गाडी उद्याही आहे. दार अडवलंय, साहेब. वचन दिल्याशिवाय आमच्या उंबऱ्यावरून कुणी जात नाही."

"अहो, पण यांचा गुडघा..."

"शिकवायचं तोंडानं ना? मगाशी तुम्हाला शिकवलं तसं?"

साहेबांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. चंपा जागची हलली नाही. लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू आली.

"दिलं!" साहेब ओरडले. "अण्णा चुरी कोच! माझा शब्द!"

चंपेने हात उचलला, साहेब बाहेर पळाले आणि त्याच हाताखालून नर्मदा आत आली. सदूला ओढत, माप उजव्या पायाने नीट लवंडून, वचनबिचन काही न देता ती थेट देवघरापाशी जाऊन बसलीसुद्धा.

चंपा उचललेला हात तसाच ठेवून बघत राहिली. मग ती अण्णाकडे वळली. "तू कोच ना? सांग, मी कुठं चुकले?"

अण्णाने डोळे पुसले. "नवरीकडे पाठ करून तू माझ्याकडे बघत होतीस."

चंपा त्याच्याजवळ बसली. त्याच्या गुडघ्यावरची हळद ओघळली होती, ती तिने पदराने नीट केली.