हर्लनच्या दारावरची हिरवी पाटी

दुसऱ्याच्या दारावरची पाटी फिरवायला अक्कल लागत नाही. म्हणूनच ते काम मी आपण होऊन अंगावर घेतलं.

आमच्या चर्चच्या वृद्धनिवासात प्रत्येक दाराला एक लाकडी पाटी टांगलेली असते. झोपताना लाल बाजू बाहेर, सकाळी उठलात की हिरवी. साडेआठपर्यंत हिरवी दिसली नाही, तर आमच्या मजल्याची सेविका योलांडा दार ठोठावते, आणि उत्तर आलं नाही तर किल्ली लावून आत शिरते. थोडक्यात, हिरवी पाटी म्हणजे गृहस्थ अजून आहेत.

समोरच्या खोलीतला हर्लन पोस्टमा बायको गेल्यापासून सकाळी अंथरुणातून निघेनासा झाला होता. योलांडा रोज ठोठावायची, तो रोज आतून करवादायचा, "जिवंत आहे गं बाई, नाइलाजाने!" शेवटी एका सकाळी कॉफीला जाता जाता मी हळूच त्याची पाटी फिरवली. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. दुसऱ्या दिवशीही फिरवली. मग रोजच. (चाळीस वर्षं मी टाउनशिपच्या कचेरीत जन्ममृत्यूचे दाखले दिलेत. हाताला सवय असते.)

आठवडाभरातच माझ्या बायकोने, लव्हॉनने, मला पकडलं.

"गेरिट, तो उठलाय हे तू बघितलंस?"

"नाही. पण उठेल ना!"

"म्हणजे देवाच्या आधी तूच ठरवून मोकळा?"

"अगं, मदत करतोय मी त्याला."

"मदत करायची तर दार वाजव, आत जा, बस त्याच्याजवळ घटकाभर."

तेवढंच मला जमत नव्हतं. तसा मी बडबड्या. हवा, बेसबॉल आणि माझे गुडघे या विषयांवर मी समोरचा उठून जाईपर्यंत बोलू शकतो (आणि तो जातोच). पण बायको गेलेल्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पाटीशी काही बोलावं लागत नाही.

असे तीन महिने गेले.

काही झालं तरी हर्लन बुधवारची दहाची उपासना चुकवत नसे. प्रवचन सुरू झालं की तो माझ्याकडे न बघता माझ्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवायचा; अकरा वर्षांचा शिरस्ता. त्या बुधवारी प्रवचन सुरू झालं, सवयीने माझा हात पुढे गेला आणि तसाच राहिला. शेजारची जागा रिकामी होती.

मी मागे बसलेल्या योलांडाला विचारलं, "हर्लन कुठाय?"

"ठीक आहेत ते, मिस्टर डाइकहाउस," ती कुजबुजली. "पाटी हिरवी आहे त्यांची."

त्या हिरव्या पाटीची खरी लायकी अख्ख्या इमारतीत फक्त मला आणि लव्हॉनला ठाऊक होती.

"ती मी केली," मी म्हणालो. कुजबुजायचं राहूनच गेलं. पाद्रीबुवा प्रवचनात थांबले. "रोज मीच करतो!"

योलांडा किल्ली काढत धावली. वॉकर ढकलत मी मागे. इतक्या कळकळीने मी जन्मात प्रार्थना केली नव्हती, आणि तीत शब्द एकच होता: नको.

हर्लन न्हाणीघराच्या फरशीवर पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ निळे पडलेले. पण डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून तो पुटपुटला, "सव्वासातला आला होतास. पाटी वाजली, ऐकलं मी. किती हाका मारल्या रे तुला."

मी कानातलं यंत्र न्याहारी झाल्यावर लावतो.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी कॉरिडॉरमध्ये बसून लहान मुलासारखा रडलो. तीन तास तो माणूस थंड फरशीवर पडून होता, आणि बाहेर माझ्या सहीशिक्क्याने तो धडधाकट होता.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी लव्हॉनने मला इस्पितळात नेलं, त्याच्या खोलीत ढकललं आणि स्वतः बाहेर बसली.

"हर्लन, माफ कर मला," मी म्हणालो. "तुला झोपू द्यावं म्हणून करत होतो रे."

"झोपतंय कोण? मार्जोरी गेल्यापासून सहालाच टक्क जागा असतो मी. तुझी वाट बघत."

"माझी?"

"पाटी वाजायची. वाटायचं, चला, कुणीतरी दारापर्यंत आलं. मग उठावंसं वाटायचं."

मला हुंदका आवरेना. त्याचा हात घट्ट धरून मी म्हणालो, "आता दारापर्यंत नाही, हर्लन. तू घरी आलास की रोज सकाळी आत येईन, खुर्ची ओढून बसेन आणि चांगला तासभर तुझ्याशी बोलेन. वचन देतो!"

हर्लनने डोळे मिटले. त्याला भरून आलं असावं, असं मला वाटलं.

मग त्याने उशाजवळचं बटण दाबलं. नर्स लगबगीने आली.

"बाई," हर्लन म्हणाला, "मला इथे अजून किती दिवस ठेवून घेता येईल?"