सुकदेव मिस्तरींचा आडवा परवाना

सेंटरिंगच्या फळ्या उतरल्या, की सुकदेव मिस्तरी नव्या स्लॅबच्या बरोबर मधोमध खाली गोधडी अंथरून अख्खी दुपार झोपत. कोणी परवाना विचारलाच, तर उत्तर ठरलेले : "पडी ते पहिले मनावर पडी." स्लॅब पडलाच तर आधी माझ्यावर पडेल, ही अहिराणीतली हमी बमरोलीच्या लूमकामगारांना पुरत असे. जन्मभर न्यायालयात कारकुनी केलेल्या मला ती पुरणे शक्य नव्हते.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आमच्या वसाहतीत परसापरसात खोल्या उगवत होत्या. 'विनापरवाना बांधकाम करणाऱ्या मिस्तऱ्यांवर तात्काळ कारवाई व्हावी' असा अर्ज मी महानगरपालिकेस केला. महत्त्वाचे शब्द तांबड्या शाईने अधोरेखित केले. वर चार स्मरणपत्रे पाठविली. उत्तर नाही.

पुढे अकोल्याहून विधवा आक्काचे पत्र आले. मुलांनी घर वाटून घेतले होते. आक्का कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. माझ्या परसात तिच्यासाठी खोली बांधणे भाग होते. परवानाधारक बिल्डर म्हणाला, "एवढ्याशा खोलीसाठी मी गाडी काढत नाही, काका." तेव्हा नाइलाजाने, मान खाली घालून, मी सुकदेवांकडे गेलो.

मी अकरा कलमांचा करार करून दिला. त्यांनी त्याची घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या शिडीच्या पायाखाली सारली. प्रत्येक वीट ते नखाने वाजवून कानाशी नेत. "ही मुकी शे, अण्णा," म्हणत आणि फेकून देत. विटा माझ्या, संताप माझा. पण भिंत ओळंब्यात होती, हे मान्य करावे लागे.

फळ्या उतरल्या त्याच दुपारी एक गुजराती म्युनिसिपल अधिकारी दारात आला. त्याच्या हातात माझा अर्ज होता. दोन वर्षांनी शासन जागे झाले होते, आणि थेट माझ्याच परसात!

"काका, आ अरजी तमारी छे ने?"

सही माझी, तांबडी शाई माझी. नाकारणार कसे?

"तो आ कोण सूतुं छे?" स्लॅबखाली झोपलेल्या मिस्तरींकडे बोट करून त्याने विचारले.

स्लॅबखालून आवाज आला, "लायसन आडं पडेल शे, साहेब."

अधिकारी हसला आणि लगेच हसायचा थांबला. आठ दिवसांत मिस्तरींच्या नोंदणीचा अर्ज, हमीदाराच्या सहीसह, न आल्यास खोली तोडली जाईल, असे बजावून, माझा अर्ज माझ्याच हातात ठेवून तो गेला. आक्काचे तिकीट त्याच आठवड्याचे होते.

मिस्तरींनी माझा अर्ज बराच वेळ न्याहाळला. आता हा माणूस मला काय बोलेल, या धास्तीने मी उभा होतो. ते म्हणाले, "अक्षर भलतं चांगलं शे, अण्णा."

मी नोंदणीचा अर्ज लिहावयास घेतला. 'पूर्वी केलेली कामे' या रकान्यासाठी त्यांना एकही घरनंबर सांगता येईना. "लिखा, दगडूनी सून बायंतीण व्हयनी ती खोली. खोकलावाला म्हाताराले खिडकी ठेयी ती खोली." मी तसेच लिहिले. पुढचा रकाना : स्वतःचे निवासस्थान.

"पत्रानी खोली."

"मिस्तरी, जगाला स्लॅब घालता, आणि स्वतः पत्र्याखाली?"

"घरवाली, पोरे गावले शेतस. उन्हायामा पत्राखाले त्यासले कशे आनू?" मग वर पाहत, हळूच, "नवा स्लॅबखाले गार वाटस. मले झोप लागनी, का समजस, घरवालासले बी लागी."

म्हणजे ती हमी नव्हती. पुढे त्या घरात झोपणाऱ्यांची झोप ते आधी स्वतः झोपून पाहत होते.

हमीदार म्हणून मी सही केली. आयुष्यात प्रथमच अधोरेखित काही केले नाही. सातव्या दिवशी अर्जाची पोच मिळाली, खोली वाचली, आणि आक्का आली. सारे ऐकून ती म्हणाली, "अरे, मग माझ्या एकटीला एवढी खोली कशाला?"

मी करारास बारावे कलम जोडले : 'मिस्तरींनी दर उन्हाळ्यात सहकुटुंब येऊन, सदर स्लॅबखाली प्रत्यक्ष झोपून, त्याची तपासणी करावी. कसूर चालणार नाही.' साक्षीदार म्हणून आक्काने सही केली.

मी कलम वाचून दाखविले. सुकदेवांनी कागदाची घडी घातली. मी शिडीकडे पाहिले. पण या वेळी ती घडी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात गेली.