मुळा, सत्तावीस सेंटिमीटर

माणूस किती मोठा होता, हे पूर्वी तो गेल्यावर कळत असे. आता ते विमानात चढण्यापूर्वीच कळतं आणि सेंटिमीटरमध्ये कळतं. याला प्रगती म्हणतात.

मी सामेजिमा. कागोशिमा विमानतळावर एका स्वस्त विमान कंपनीत 'हातसामान अनुरूपता पर्यवेक्षक' या पदावर आहे. (कंपनीचं नाव जाहीर करायला परवानगी लागते. परवानगीचा अर्ज इतका लांबरुंद आहे, की तो आमच्याच मापात बसत नाही.) गेट क्रमांक सातपाशी एक निळी लोखंडी चौकट उभी आहे. तिचं आतलं माप पंचावन्न बाय चाळीस बाय पंचवीस. जे तिच्यात बसतं ते हातसामान. जे बसत नाही त्याला आमच्या परिपत्रकात 'आकांक्षा' असा शब्द आहे.

चौकटीइतकी निःपक्षपाती वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. ती शिक्षण विचारत नाही, ओळख काढत नाही. गेल्या वर्षी सदर चौकटीत एक्केचाळीस हजार तीनशे सहा नग घालून पाहण्यात आले. तीनशे आठ नग बसले नाहीत. त्यांच्या मालकांपैकी दोनशे नव्व्याण्णव जणांनी 'मागच्या वेळी बसली होती' हे वाक्य उच्चारलं. उरलेले नऊ जण रडले. (पैकी एकाच्या रडण्याचं कारण वेगळं निघाल्याने त्यांना पुढच्या गेटवर पाठवलं.)

हे काम उद्धटपणे करायचं नसतं. बॅग बसत नाही हे सांगताना पंधरा अंशात वाकायचं, शुल्क सांगताना तीस अंशात, आणि प्रवासी आवाज चढवू लागला तर पंचेचाळीस. माझी सहकारी फुकुदोमेसान ('सान' हे आमच्याकडे नावाला आदराने जोडतात) वयाने अठ्ठावन्न असून तिने आयुष्यभर मोठ्या कंपन्यांत नोकरी केली आहे. तिच्या मते आमच्याकडे लागल्यापासून तिची कंबर प्रवाशांच्या बॅगांपेक्षा जास्त मोजली गेली.

नियमाला एक मानवी बाजूही आहे. कलम चारनुसार अंगावरचा पोशाख म्हणजे सामान नव्हे. त्यामुळे जानेवारीत आमच्या रांगेतले लोक अतिशय धष्टपुष्ट दिसतात. एका प्राध्यापकांनी कोटाच्या खिशांत मिळून अकरा पुस्तकं घातली होती आणि ते बसू शकत नव्हते. आम्ही त्यांना हसून निरोप दिला. नियमात राहण्यासाठी माणूस इतके कष्ट घेतो, हे पाहून नियमालाही बरं वाटत असावं.

आता तोकुशिगेसान यांचं प्रकरण.

जानेवारीतला शेवटचा मंगळवार होता. वाऱ्याने साकुराजिमा या आमच्या ज्वालामुखी डोंगराची राख समुद्रापलीकडे जात होती, म्हणजे विमानं वेळेवर होती. ओसाकाला जाणारं आमचं दिवसातलं एकमेव विमान सुटायला अठ्ठावीस मिनिटं होती. एकशे ऐंशी प्रवासी रांगेत होते. त्यात मध्येच एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ पोटाशी गाठोडं धरून उभे होते. गाठोड्याचं कापड जांभळं, गाठ नीट, आणि आकार पूर्ण गोल. माझ्या पदावरचा माणूस गोल वस्तू दुरूनच ओळखतो. चौकटीचं आणि गोलाचं कधीच जमत नाही.

मी पंधरा अंशात वाकून गाठोडं चौकटीत ठेवण्याची विनंती केली. त्यांनी गाठ सोडली. आत साकुराजिमाचा मुळा होता. आमच्या डोंगराच्या पायथ्याला राखेत वाढतो तो, भोपळ्याएवढा. पानं आखूड कापलेली, अंग धुऊन पुसून लख्ख. तो हातात घेताना ते जरा थबकले, झोपलेल्या मुलाला उचलताना थबकावं तसे.

वजन भरलं नऊ किलो चारशे ग्रॅम. मर्यादा दहा. वजनाबद्दल मी त्यांचं अभिनंदन केलं. मग पोलादी पट्टी लावली. सत्तावीस सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूने सत्तावीस. तिसऱ्या बाजूनेही सत्तावीस. इतका प्रामाणिक मुळा मी पाहिला नव्हता. पण चौकट पंचवीसची होती.

तोकुशिगे आजोबांनी वाद घातला नाही. शुल्क भरतो म्हणाले. इथे मला त्यांना नम्रपणे समजवावं लागलं, की शुल्क भरल्यास मुळा विमानाच्या पोटात जाईल. पोटात जाणारी भाजी कलम नऊनुसार टणक खोक्यात लागते. खोकी बाहेरच्या काउंटरवर मिळतात. आणि काउंटर उड्डाणापूर्वी तीस मिनिटं बंद होतो. आता चोवीस मिनिटं उरली होती. म्हणजे मुळ्याला वर जाता येत नव्हतं आणि खालीही जाता येत नव्हतं. (अशा वस्तूंसाठी गेटपाशी एक पिंप ठेवलेलं आहे.)

आजोबांनी पिंपाकडे पाहिलं. मग कुठे आणि कशासाठी नेत आहेत ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्या रकान्याची आमच्या नोंदवहीत सोयच नाही.

त्यांची थोरली बहीण चिझु, वय शहाऐंशी, ओसाकाच्या एका वृद्धाश्रमात असते. वडील वारले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि हे नऊ. ती शेतात उतरली. मुळे लावले, राख झटकली, पाठीवर टोपली घेऊन धक्क्यापर्यंत नेले आणि या भावाला शिकवलं. मग लग्न होऊन ओसाकाला गेली. मागच्या वसंतापासून ती कुणाला ओळखत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. मुलगा समोर बसतो, त्याच्याकडे ती खिडकीकडे पाहावं तशी पाहते. घरच्यांनी फोटो दाखवून झाले, जुनी गाणी लावून झाली. आश्रमात भेटायची वेळ चारपर्यंत. उद्यापासून तिथे पंधरा दिवस भेटी बंद, फ्लूची साथ आहे म्हणून.

"तिला माणसं ओळखू येत नाहीत," ते म्हणाले. "मुळा येईल."

मी पुन्हा पंधरा अंशात वाकलो. या वाक्यासाठी कोणता कोन, हे प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

रांग थांबून चालणार नव्हती, म्हणून मी बाकीच्यांना हाताने पुढे जायची खूण केली आणि प्रकरणाचा निपटारा सुरू केला. प्रथम मुख्य कार्यालयाला फोन केला. त्यांनी विचारलं, मुळा गोल आहे का. मी म्हणालो, हो. मग तो फिरवून पाहण्याची सूचना आली. मी फिरवला, आणि गोल वस्तू फिरवल्यावरही गोल राहते असा तोंडी अहवाल दिला. त्यांनी तो नोंदवून घेतला.

फुकुदोमेसानने सुचवलं, की आजोबांनी तो कोटाच्या आत पोटाशी बांधावा. मग तो पोशाख. कल्पना कलम चारमध्ये बसत होती. परंतु त्या आकाराचं पोट असलेल्या प्रवाशाला गरोदर प्रवाशांचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात अपेक्षित तारखेचा रकाना सक्तीचा आहे. मग ती म्हणाली, दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं आणि त्याला मापही नसतं.

"वय काय याचं?" तिने आजोबांना विचारलं.

"पाच महिने," आजोबा म्हणाले. त्यांना हा विनोद वाटला नव्हता. ऑगस्टच्या शेवटी पेरला होता.

मला क्षणभर मोह झाला हे मी इथे कबूल करतो. परंतु मुलासाठी तिकिटावर नाव लागतं, आणि आजोबांनी मुळ्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"सामेजिमासान," फुकुदोमेसान म्हणाली, "शहाऐंशी वर्षांची बाई तिकडे खिडकीशी बसलीय, आणि तुम्ही मुळ्याचं बारसं करताय."

मी तिला शांतपणे सांगितलं, की एका मुळ्याला सोडलं तर उद्या सगळे मुळे येतील. ती म्हणाली, येऊ द्यात, ते निदान 'मागच्या वेळी बसला होता' असं म्हणणार नाहीत.

सोळा मिनिटं राहिली होती. आजोबांनी आमचं दोघांचं बोलणं संपू दिलं.

"किती जास्त आहे म्हणालात?"

"दोन सेंटिमीटर."

"दोन्ही बाजू मिळून?"

"मिळून."

त्यांनी माझ्या हातातली पोलादी पट्टी मागितली. सुरक्षा तपासणीपलीकडे सुरी आणता येत नाही. पट्टीबद्दल मात्र नियम मौन पाळतात. मी दिली. आजोबा जमिनीवर बसले, जांभळं कापड पसरलं, मुळा दोन पायांत धरला आणि पट्टीच्या कडेने त्याचा एक गाल खरवडायला लागले. आजारी माणसाची दाढी करावी तसं, हळू, दर दोन फराट्यांनी थांबून बोट फिरवत. मध्ये ते मुळ्याला काहीतरी म्हणाले. सदर संभाषण प्रवासी आणि त्याचं सामान यांच्यातलं खासगी असल्याने मी ते नोंदवलेलं नाही.

एक बाजू झाल्यावर मुळा त्यांच्या पायांतून निसटायला लागला. मी मुळा धरला. कर्मचाऱ्याने प्रवाशाच्या सामानाला हात लावू नये असा नियम आहे. पण बसलेलं नसल्यामुळे ते अजून सामान ठरलेलं नव्हतं. दुसरा गाल खरवडून झाला तेव्हा माझ्या गणवेशाच्या बाह्या ओल्या झाल्या होत्या आणि त्यांना मातीचा वास येत होता.

"ओळखेल ना हो ती, असा भादरलेला?" त्यांनी मला विचारलं.

हा प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नव्हता. मी म्हणालो, ओळखेल. का म्हणालो, याचा खुलासा मला आजतागायत करता आलेला नाही.

आता कापडावर दोन मुठी कीस जमला होता. मुळा हा नग एक, आजोबांची खांद्यावरची पिशवी नग दोन. कीस हा नग तीन होत होता आणि तीन नगांना परवानगी नाही. फुकुदोमेसानने कलम अकरा वापरलं: अन्न पोटात गेल्यावर ते सामान राहत नाही. तिने एक मूठ तोंडात टाकली. दुसरी माझ्यापुढे धरली. मी कर्तव्याचा भाग म्हणून खाल्ली. तिखट अजिबात नव्हता. गोड होता.

मुळा चौकटीत बसला. चार मिनिटं राहिली असताना तोकुशिगे आजोबा, भादरलेला मुळा पोटाशी धरून, विमानात गेले. जाताना ते आम्हाला दोघांना वाकून धन्यवाद म्हणाले. कोन नव्वदच्या आसपास होता. आमच्या तक्त्यात तेवढा कोन नाही.

फेब्रुवारीत त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर जाड, सरळ. विमान वेळेवर पोचलं. आश्रमात तीन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. मुळा ताईच्या मांडीवर ठेवला. ती बराच वेळ खिडकीकडेच पाहत होती. खरवडलेल्या जागी मुळ्याला पाणी सुटलं होतं आणि वास खोलीभर झाला होता. तिचा अंगठा त्या सपाट जागेवर गेला. तिथे तो तिने दोनदा फिरवला. मग ती रागावून म्हणाली, "हिसाओ, कशानं कापलास रे हा? सुरी कुठंय?"

पुढे लिहिलं होतं, की त्यानंतर ती काही बोललेली नाही. पण माझं नाव तिने घेतलं आणि मला रागावली, एवढं पुष्कळ झालं. सालासकट अख्खा नेला असता तर वास आला नसता, म्हणून आपले आभार. आपला, तोकुशिगे हिसाओ.

हे कार्ड मी नियमानुसार मुख्य कार्यालयाकडे पाठवलं. त्यांना ते फार आवडलं. मूळ कार्ड आता त्यांच्या स्वागतकक्षात काचेत आहे. त्याखाली कंपनीने प्रवाशांच्या कौटुंबिक आरोग्याला लावलेल्या हातभाराचा उल्लेख आहे. एक एप्रिलपासून चौकटीची पंचवीस सेंटिमीटरची बाजू तेवीस करण्यात आली. परिपत्रकात कारण दिलं आहे: प्रत्येक वस्तूत दोन सेंटिमीटर अनावश्यक असतात आणि ते काढल्याने मालकाचं भलंच होतं, असं अनुभवाने सिद्ध झालं आहे.

फुकुदोमेसानने मार्चअखेर निवृत्ती घेतली. तिच्या निरोपसमारंभात मी कंपनीतर्फे भाषण केलं. ती म्हणाली, भाषण चौकटीत बसलं.

बदल लादायचा नाही, हे आमच्या कंपनीचं तत्त्व आहे. म्हणून तेवीसचा निर्णय घेण्याआधी त्या विमानातल्या एकशे एकोणऐंशी सहप्रवाशांना प्रश्नावली पाठवली होती. एकशे एकाहत्तर उत्तरं आली. त्या दिवशीची कारवाई एकशे साठ जणांनी योग्य ठरवली. म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल एकशे अडुसष्ट जणांना वाईट वाटलं. आपली स्वतःची बॅग मापात होती, असं एकशे एकाहत्तर जणांनी लिहिलं.

आता, मी मुळ्यात गुंतलेलो असताना ही रांग न मोजता आत गेली होती. कॅमेऱ्याचं चित्रण मी नंतर पट्टी लावून पाहिलं आहे. शहात्तर बॅगा बसल्या नसत्या. त्यांचे मालक जमिनीवर बसलेल्या आजोबांना वळसा घालून, बॅग शरीराच्या पलीकडच्या बाजूला धरून, भराभर गेले. कुणीही थांबून 'यांना सोडा' म्हणालं नाही. चेहऱ्यांवर जे होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. सुटल्याचा आनंद आणि हळहळ ही दोन्ही एकाच चेहऱ्यावर सहज मावतात, त्यांना चौकट लागत नाही.

तुम्हालाही आजोबांचं वाईट वाटलं असेल. वाचता वाचता तुम्ही तुमची बॅगही मनातल्या मनात चौकटीत घालून पाहिलीत, आणि ती बसली. नोंद घेतली आहे. एकशे बाहत्तर.