नोंदणीकृत खेळाडू

आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक विजेच्या वस्तूचं गॅरंटी कार्ड त्याच दिवशी भरून पोस्टाच्या पेटीत पडतं. हा माझा नियम आहे. मी, शशिधर गुप्ते, लंडनजवळच्या क्रॉयडनच्या एका कार्यालयात पंधरा वर्षं लोकांचे अर्ज तपासतो आहे आणि अपूर्ण अर्ज परत पाठवताना माझा हात कधी थरथरलेला नाही. त्यामुळे १९९१च्या ख्रिसमसला शिल्पासाठी व्हिडिओ गेमचं मशीन आणलं, तेव्हा ती टीव्हीमागे वायर खुपसत होती आणि मी कार्डावर 'मालकाचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव घालत होतो. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावावर गॅरंटी कशी ठेवणार?

सव्वा वर्षानं कंपनीची प्रश्नावली आली. पुढच्या पिढीचं मशीन बनवायचं होतं आणि खऱ्या खेळाडूंना काय हवं, ते कंपनीला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. पाकिटावर अर्थातच माझं नाव होतं.

शिल्पाला काय हवं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती ते रोज संध्याकाळी रडून सांगत असे. तिच्या गेममध्ये एका किल्ल्याचे अकरा मजले चढायचे होते. ती आठव्या मजल्यावर पोचली की जेवायची वेळ होई आणि मी भिंतीवरचं बटण बंद करी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला मजला. काही गेम आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवत. हा ठेवत नसे.

"बाबा, मला फक्त एकच पाहिजे," ती म्हणाली. "स्विच ऑफ केला तरी मशीननी रिमेम्बर करायला पाहिजे, मी कुठे होती. नाहीतर माझी गेम एव्हरी टाइम पहिल्यापासून स्टार्ट होते. प्लीज लिहा ना."

"सूचनेची नोंद घेतली आहे," मी म्हणालो आणि तिच्याकडून ते चिठ्ठीवर रीतसर लिहून घेतलं.

मग मी फॉर्म भरायला बसलो. 'आठवड्यातून किती तास खेळता?' शिल्पा खेळत असताना मी त्याच खोलीत पेपर वाचत बसतो. आमच्या कार्यालयात देखरेख करणं हे काम करण्यातच धरतात, किंबहुना बढतीसाठी तेवढंच धरतात. मी लिहिलं, चौदा तास. 'सर्वाधिक वापरात येणारं बटण?' ऑफ. 'इतर सूचना' या सदरात तीन ओळी होत्या. शिल्पाची मागणी एका ओळीत बसली असती, पण गॅरंटीची मुदत एका वर्षावरून तीन वर्षं करण्याचा मुद्दा सविस्तर मांडणं भाग होतं.

"तिचं लिहिलंत का?" प्रमोदिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, विचारलं.

"योग्य व्यासपीठावर मांडू," मी म्हणालो.

व्यासपीठ मिळालंही. देशभरातून जे मोजके फॉर्म पूर्ण भरलेले आले, त्यात माझा होता. खऱ्या खेळाडूंनी फॉर्म पाठवले नव्हते. ते खेळत होते. एका शनिवारी क्रॉयडनमधल्याच एका हॉटेलात आम्हा बारा जणांचं पॅनेल भरलं. बाराही जण पन्नाशीच्या आसपासचे आणि बाराही जण वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. मिस कोल नावाच्या संशोधक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या देशातले सर्वात निष्ठावान खेळाडू आहात." खुलासा करण्याची संधी आम्हा सर्वांना समान होती. कोणी घेतली नाही.

चर्चा उच्च दर्जाची झाली. मशीन पावणेआठला आपोआप बंद व्हावं. त्याला झाकण असावं, झाकणाला कुलूप असावं, किल्ली एकच असावी. रंग सोफ्याला साजेसा हवा. प्रत्येक मजल्यानंतर एक त्रैराशिक. माझा गॅरंटीचा मुद्दा तर टाळ्यांनी मंजूर झाला. मिस कोल भराभर लिहून घेत होत्या. खेळाडूंमध्ये एवढं एकमत त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात लीड्सच्या हॉस्पिटलातले एक रेडिओग्राफर, भीमराव साळवे, उठले. "माफ करा, मी खेळत नाही," ते म्हणाले. "माझी मुलगी लता खेळते. कार्डावर माझं नाव पडलं, एवढंच. आपण मुलांना विचारू या. त्यांना आत बोलवा आणि आपण सगळे बाहेर बसू."

मिस कोलनी यादी पाहिली. "लता नावाची व्यक्ती आमच्या नोंदीत नाही."

कार्डिफच्या एका गृहस्थांनी मुद्दा काढला की, साळवे स्वतःच खेळत नसल्याचं कबूल करतात. तेव्हा खऱ्या खेळाडूंच्या पॅनेलवर त्यांना बसता येणार नाही. ठराव अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. साळव्यांना सँडविचचं पाकीट देऊन निरोप देण्यात आला. जाताना ते माझ्या खुर्चीशी थांबले आणि मराठीत म्हणाले, "गुप्तेसाहेब, खरं सांगा, तुम्ही खेळता?"

"चौदा तास," मी म्हणालो.

शिल्पाची चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती काढली असती, तर ती कोणाची, असं विचारलं गेलं असतं आणि पुढचं सँडविच मला मिळालं असतं. मला लाज वाटली. पण लाज वाटणं हा कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय नव्हता.

दोन वर्षांनी मशीन बाजारात आलं. 'खेळाडूंनी घडवलेलं, खेळाडूंसाठी' अशी जाहिरात होती. बापमंडळींनी रांगा लावून ते घेतलं. पॅनेलच्या सदस्यांना एकेक भेट मिळालं, झाकणावर नाव कोरून. शिल्पा तोवर सतरा वर्षांची झाली होती, तरी तिनं ते हौसेनं उघडलं. त्रैराशिकं सोडवत ती सातव्या मजल्यावर पोचली. पावणेआठला पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी पहिला मजला.

"बाबा, तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

"सर्व मुद्द्यांवर साधकबाधक चर्चा झाली," मी म्हणालो.

ती रडली नाही. तिनं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर तिनं मशीनला हात लावला नाही. मशीन ज्या हेतूनं मागितलं होतं, तो हेतू शंभर टक्के सफल झाला, असं मी कंपनीला कळवलं.

त्याच हिवाळ्यात तिचा युनिव्हर्सिटीचा फॉर्म आला. तिनं तो माझ्यासमोर ठेवला. 'हा विषय का निवडला?' याखाली अख्खं पान कोरं होतं.

"तुम्हीच भरा, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला माहिती आहे ना, मला काय पाहिजे ते."

प्रमोदिनी काहीतरी बोलणार होती, पण स्वयंपाकघरात गेली. मुलीचा एवढा विश्वास पाहून माझे डोळे भरून आले. मी एका बैठकीत पान भरलं. लहानपणापासून मला डोळ्यांच्या शास्त्राची ओढ आहे, असं मी तिच्या वतीनं लिहिलं आणि ते इतकं मनापासून उतरलं की कार्डिफ युनिव्हर्सिटीनं तिला लगेच जागा दिली. सुटीत ती घरी येते. काय हवं विचारलं की "काहीही चालेल" म्हणते.

तुम्ही मला हसला असाल. हसा. तुमच्या लेकीला काय आवडतं, काय हवंय, हे तुम्हीही एका दमात सांगू शकाल, याची मला खात्री आहे. सांगा की. फक्त ती खोलीत असताना सांगा.