सत्तेचाळिसावं नाव

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत सकाळी लोक पेपर वाचतात. झेंडेकाका यादी वाचतात. काकांचं गाव सासवडच्या पलीकडे. तिथे शेतीचं सरकारी अनुदान कोणाकोणाला मिळतं, त्याची ही यादी. मोबाईलवर ती कोणालाही दिसते. पण काका अनुदानाच्या दर हप्त्याला तिची प्रिंट काढून आणतात आणि पार्किंगमध्ये खुर्ची टाकून मोठ्याने वाचतात. प्रत्येक नावाला लगेच निकाल. "पात्र." नाहीतर, "अपात्र. जमीन विकून मंगल कार्यालय बांधलंय."

हे दोन शब्द त्यांना सगळीकडे पुरतात. मी शेजारीच राहते, त्यांना रोज चार पोळ्या देते. माझी पोळी पात्र असते. त्यांनी स्वतः मंडईतून आणलेली वांगी बहुतेक वेळा अपात्र निघतात. सोसायटीचे सेक्रेटरी तर कायमचेच अपात्र, कारण काकांनी यादी नोटीस बोर्डावर लावली की ते काढून टाकतात.

"काका, इथे शेती कोणाची आहे? कुंड्यांना मिळतं का अनुदान?" एकदा सेक्रेटरींनी विचारलं.

"यादी सार्वजनिक आहे. सार्वजनिक ठिकाणीच लागणार," असं म्हणून काकांनी दुसरी प्रत लावली. त्यांच्याकडे नेहमी पाच प्रती असतात.

गावात कोणी वारलं की तेराव्याच्या आत काकांचा अर्ज तिथल्या कचेरीत पोहोचतो. अमुक मयत आहेत, नाव कमी करावे, कळावे. त्यामुळे गावात त्यांना कोणी जेवायला बोलवत नाही. मागे जत्रेला गेले, तर पारावरचे म्हातारे म्हणाले, "झेंडे, आम्ही अजून हाय बरं का. लिहून घ्या." काकांनी खरंच लिहून घेतलं.

मागच्या महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचायला बंदी. मला म्हणाले, सुमनबाई, तुम्ही वाचा. मी चौथी शिकलेली, चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून पार्किंगऐवजी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. काका डोळ्यावर पट्टी बांधून निकाल देत होते.

सत्तेचाळिसावं नाव आलं, सरूबाई झेंडे. हे नाव मी पार्किंगमध्ये कधीच ऐकलं नव्हतं. सेहेचाळीस झालं की काका एकदम अठ्ठेचाळीस वाचत असणार. मी तसं विचारलं.

काकांनी डोळ्यावरची पट्टी नीट केली. मग म्हणाले, ती माझी वहिनी. जाऊन दोन वर्षं झाली. तिचा हप्ता त्यांनीच त्याच आठवड्यात अर्ज देऊन बंद करवला होता. नावापुढे तसं लिहिलेलंही होतं. पण नाव कमी करायचा अर्ज वेगळा असतो, तो दिला नव्हता. आई गेली तेव्हा काका चार वर्षांचे. वहिनी लग्न होऊन आली, तर घरच्यांनी पहिल्याच दिवशी हे पोर तिच्या मांडीवर दिलं. काका पुण्याला नोकरीला आले, म्हातारे झाले, तरी तिचा फोन आला की पहिला प्रश्न एकच: जेवलास का?

त्याच सकाळी मंगल कार्यालयवाल्याने काकांना फोन केला होता. "आमच्या म्हाताऱ्याचं नाव दहाव्याच्या आत काढलंत. तुमच्या घरातल्या मयताला येगळा कायदा हाय का?"

"बरोबर बोलला तो," काका म्हणाले. "पण सुमनबाई, त्या गावात माझी म्हणून तेवढी एकच ओळ उरलीय."

त्यांनी मला ड्रॉवर उघडायला लावला. अर्ज तयार होता. अक्षर सुरेख, खाली सही. तारखेची जागा तेवढी कोरी. काकांनी मला आजची तारीख घालायला सांगितली. मी घातली.

"आता ती ओळ परत वाचा," ते म्हणाले.

"सत्तेचाळीस. सरूबाई झेंडे."

"पात्र," काका म्हणाले.

डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी लगेच अठ्ठेचाळिसावं नाव वाचायला घेतलं.