कुलूपवाल्याच्या घरचं कुलूप

स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप पाहून कुलूपवाल्याचं डोकं फिरलं. एक तर स्वतःच्या घरात आपल्यासाठी कुलूप, आणि तेही इतकं भिकार, की त्याने ते दुकानात फुकटसुद्धा ठेवलं नसतं.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं, डॉक्टरांनी तळलेलं आणि गोड कमी करून भाज्या वाढवायला सांगितल्या, याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती घरच्यांच्या आधाराबद्दल. "तुम्ही खाल तेच आम्ही खाऊ," असं बायकोने जाहीर केलं होतं. तेव्हापासून ती आणि मुलगा उकडलेल्या घेवड्यासमोर असे बसत, जणू घेवड्याच्याच घरचं कोणी गेलं आहे. मधेच मुलगा विचारायचा, "बाबा, बरं वाटतंय ना?" त्या प्रश्नाने वाटत असलेलं बरंही पळून जायचं.

घरात कोणी नव्हतं. त्याला काही खायचं नव्हतं. कुलूप उघडून दाखवायचं होतं. त्याने तार वाकवून आत घातली. आजारपणाने बोटं जरा अडखळत होती. तार आतच तुटली. मग इरेला पेटून त्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. दार कडीसकट निखळलं, ओट्यावर आदळलं आणि घेवड्याचं पातेलं घेऊन खाली गेलं. नेमके तेव्हाच मायलेक बाहेरून आले.

कपाटात चिप्सची फोडलेली पाकिटं, बिस्किटं आणि अर्धा केक होता.

"माझ्यावर पहारा बसवता?"

"तुमच्यासाठी नव्हतं हो ते," बायको म्हणाली. "तुम्ही कुठे कशाला हात लावता? याच्यासाठी होतं. रोज एक पाकीट फस्त करायचा."

"आणि किल्ली तुझ्याकडे होती, आई," मुलगा म्हणाला. "मग केक अर्धा कुणी केला?"

बायको खाली वाकून घेवडा गोळा करू लागली. कुलूपवाला त्या घेवड्यात तसाच उभा राहिला. ज्याला आधार द्यायचा, तो एकटाच पथ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चिप्स, बिस्किटं आणि केक उघड्यावर मांडलेले होते. कपाटाचं दार जागेवर होतं, आणि त्याला दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप.

"बाबा, भाजी कुठंय?"

"कपाटात."

"अहो, आम्हालाही वाढा की," बायको म्हणाली. "आधार नको का तुम्हाला?"

"पाहिजे ना. संध्याकाळी दोघं माझ्याबरोबर चालायला या, आणि तब्येत सोडून काहीही बोला." त्याने कुलूप उघडलं, स्वतःपुरता घेवडा वाढून घेतला आणि पुन्हा लावलं. "भाजी मात्र माझी. तुम्हाला कुठे कॅन्सर झालाय?"

मुलाने निमूटपणे चिप्सचं पाकीट ओढलं.

"आणि खाताना तोंड पाडायचं नाही," कुलूपवाला म्हणाला.