तीनदा सांगणारे सुर्वे

सुर्वेसाहेब कोणतीही गोष्ट तीनदा सांगतात. लागोपाठ सांगितली तर एकदाच काय तो ताप होईल. हे मध्ये जागा सोडून सांगतात. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की समोरच्या दारातून आवाज येतो, “मोहितेभाऊ, रात्री गॅसचा कॉक बंद केला होता का?” मी हो म्हणतो. पिशवी घेऊन वळलो की, “मागचा म्हणतोय मी, पाइपावरचा.” मी पुन्हा हो म्हणतो, जरा मोठ्याने. दार लावून खुर्चीत बसतो, चष्मा पुसतो, पेपर उघडतो, आणि बेल वाजते. ती तिसरी वेळ.

बडोद्यात मांजलपुरातल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं आहेत, एक त्यांचं आणि एक माझं. अकरा वर्षं हे चाललंय. माझी बायको सुमन म्हणते, बेल वाजायच्या आधीच तुमच्या कपाळावर आठी येते.

मी चौथीपर्यंत शिकलो. ते मी लपवत नाही. गिरणीत फिटर म्हणून चाळीस वर्षं काढली आणि दहाच्या दहा बोटं घेऊन घरी आलो. माझ्या बरोबरीच्या किती फिटरांना हे सांगता येईल? मी कोणालाही हात पुढे करून दाखवतो, बघा, हे माझं सर्टिफिकेट. सुर्वेसाहेबांनाही दाखवलं होतं. ते बोटांकडे बघून म्हणाले, “नशीब आहे, मोहितेभाऊ.” चहा झाल्यावर म्हणाले, “तुम्ही त्याला कसब समजता, ते नशीब.” जिन्यात पोचल्यावर वळून म्हणाले, “नशीब हो.” त्या दिवसापासून मी सुमनला त्यांच्या चहात साखर कमी घालायला लावली.

हे गृहस्थ एका सरकारी खात्यात होते. खात्याचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला झोंबायला नको. शहराचं सांडपाणी उपसणारं खातं, एवढं पुरे. तिथे ते आरोग्य आणि सुरक्षा सल्लागार होते. माणूस कुठे पडेल, कुठे भाजेल, कुठे गुदमरेल हे आधीच शोधून काढायचं आणि वरच्या साहेबांच्या मागे भुणभुण लावायची, हे काम. भुणभुणीचा पगार मिळतो हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

रिटायर झाले तरी भुणभुण रिटायर झाली नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीला त्यांनी स्वतः पिवळा पट्टा मारलाय. नवरात्रात गरब्याच्या मंडपातली प्रत्येक वायर वाकून बघतात, आणि पोरी त्यांच्या भोवती फेर धरून नाचतात. उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर जाऊन पतंग बघतं, हे कठड्याकडे बघत उभे. “एय दीकरा, मागे.” पोरगं मागे होतं. “मागे म्हटलं ना.” अहो, ते मागेच आहे. तरी तिसऱ्यांदा.

तर त्यांच्या जागेवर माणूस मिळेना. खात्याने जाहिरात दिली आणि निवड समितीत बाहेरचा जाणकार म्हणून यांनाच बोलावलं. अर्ज ढीगभर आले. यांनी एकालाही हो म्हटलं नाही. पुन्हा जाहिरात दिली, पुन्हा तेच. समितीतले मोठे इंजिनिअर, पटेलसाहेब, डोक्याला हात लावून बसले. मग वरून कागद आला की तिसऱ्या वेळी जागा भरली नाही तर ती जागाच रद्द होईल. म्हणजे पुढे त्या खात्यात भुणभुण करणारं कोणीच नाही.

तो कागद आल्यावर सुर्वे आमच्याकडे येऊन बसले. चहा निवला तरी कपाला हात नाही.

मी म्हटलं, “अहो, एवढी शिकलेली माणसं येतात. घ्या की एखादा.”

“कायद्याची कलमं सगळ्यांना येतात, मोहितेभाऊ. खोलीत बसून सगळे बरोबर बोलतात.”

“मग?”

“मला खोलीबाहेर बघायचंय. तुमचं एक काम आहे.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “माझ्या ओळखीत तुमच्याइतका हट्टी माणूस नाही.”

अकरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी हो म्हणून बसलो.

काम असं होतं. मुलाखतीच्या दिवशी ऑफिसच्या पोर्चमध्ये शिडी लावायची आणि मी तिच्यावर चढून ट्यूबलाइट बदलत राहायचं. शिडी धरायला कोणी नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. उमेदवार पोर्चमधूनच आत जाणार. ज्याला मला खाली उतरवता येईल, तो कामाचा. समिती खिडकीतून बघणार. उमेदवारांना यातलं काही सांगायचं नाही.

आता ही शिडी धोक्याची दिसायला हवी होती. पण लावणारे सुर्वे. आधी स्वतः चढून त्यांनी एकेक पायरी दाबून बघितली. गेस्ट हाउसमधून चार गाद्या आणून मागे अंथरल्या आणि वर जुनी ताडपत्री टाकली, जसं काही सामान पडलंय. “चौथ्या पायरीच्या वर जायचं नाही,” असं मला घरी सांगितलं, स्कूटरवर सांगितलं आणि चढताना पाय धरून सांगितलं. गिरणीत मी पाण्याच्या टाकीवर चढायचो. चार पायऱ्यांसाठी चार गाद्या. शेजारून कोणी गिरणीतला गेला असता तर मी तोंड दाखवलं नसतं.

पहिला आला वाघोडियाच्या कारखान्यातला, गळ्यात टाय. थांबला. “काका, शिडीचा कोन बरोबर नाही.” मी म्हटलं, “तुझ्या जन्माच्या आधीपासून लावतोय.” तो म्हणाला, “तरी पण उतरा.” मी ढिम्म. त्याने वहीत काहीतरी टिपलं आणि आत गेला.

दुसरा बाजव्याकडचा, आवाज मोठा. “ओ काका, नीचे उतरो. किसका आदमी है? रिपोर्ट कर दूँगा.” माझ्याशी असं बोललेलं मी मुकादमाचंही ऐकून घेतलं नाही. मी एक पायरी वर गेलो. पाचवी. खिडकीची काच आतून कोणीतरी टकटक वाजवली. मी समजलो आणि पुन्हा चौथीवर आलो. पण त्याच्यासाठी नाही.

तिसऱ्याने हात जोडले. फार गोड माणूस. “वडील, पडाल हो.” मग पुन्हा, “वडील, ऐका ना.” मी म्हटलं, “काम आहे.” तो म्हणाला, “बरं, जशी तुमची मर्जी,” आणि वाकून नमस्कार करून आत गेला. मला तो आवडला होता. जावई म्हणून चालला असता.

चौथी एक मुलगी आली, हेतल नाव, ते मला नंतर कळलं. हातात फाइल, खांद्याला पर्स. तिने आधी शिडी खालपासून वरपर्यंत बघितली. फाइल आणि पर्स खाली ठेवली, शिडीच्या पायथ्याला आपला बूट टेकवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. मग वर बघून म्हणाली, “काका, उतरो ने.”

“काम आहे.”

“ट्यूब तर चालू आहे, काका.”

खरंच चालू होती. शिपायाने सवयीने बटण दाबलं होतं. सुर्व्यांच्या सगळ्या तयारीत हे एक राहिलं.

“चालू असताना तर हात लावूच नका. उतरा ना,” ती म्हणाली.

“मी चाळीस वर्षं हेच केलंय. तू जा आपल्या कामाला.”

ती जागची हलली नाही. तेवढ्यात शिपाई बाहेर आला. “बेन, तुमचा नंबर. साहेब वाट बघतात.”

“काका उतरले की येते.”

“पटेलसाहेब म्हणतात, वेळ गेली तर नंबर गेला.”

तिने शिपायाकडे बघितलं, मग दाराकडे. तिचा चेहरा पडला, ते मला वरून दिसलं. नोकरी हवी होती तिला, कोणाला नसते. तिने शिडीवरची पकड बदलली आणि म्हणाली, “जाऊ दे नंबर. काका, मी इथेच उभी आहे. तुम्ही उतरा.”

मी म्हटलं, राहा उभी. मीही मोहिते आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती खालून विचारते, मूळ गाव कुठलं, घरी कोण आहे, गुडघे दुखतात का. गुडघ्यांची आठवण करून द्यायला नको होती तिने. पंधरा-वीस मिनिटांनी मी उतरलो. गुडघ्यांमुळे उतरलो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. जमिनीवर पाय टेकल्यावर तिने शिडी सोडली, फाइल उचलली आणि दाराकडे अशी गेली, जणू आत आता कोणी विचारणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दारात सुर्वे उभे होते. डोळे पुसत होते. मला वाटलं, ट्यूबमधला कचरा उडाला असेल.

आत काय झालं ते शिपायाने सांगितलं. तिचा नंबर काही गेला नव्हता. पटेलसाहेबांनी नियमाप्रमाणे तिला सगळे प्रश्न विचारले, तिची उत्तरं कोणापेक्षा कमी नव्हती. ती बाहेर गेल्यावर सुर्वे म्हणाले, “हीच.” पटेलसाहेब म्हणाले, “जोईए, विचार करू.” सुर्वे म्हणाले, “हीच घ्या.” पटेलसाहेबांनी पेन उघडलं आणि म्हणाले, “तिसऱ्यांदा सांगू नका, सही करतो.” तरी सुर्व्यांनी सांगितलंच.

परत येताना हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीखाली त्यांनीच लावला, आणि वाटेत फुटपाथवरच्या चहाच्या लारीवर स्कूटर थांबवली. मी चिडलेलोच होतो. म्हटलं, “एका शिडीसाठी एवढं नाटक. गोड होता तो तिसरा, त्याला का नाही घेतलं?”

“त्याने दोनदा सांगितलं,” सुर्वे म्हणाले.

“मग काय वाईट? दोनदा पुष्कळ झालं.”

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “मगनभाई म्हणून होता आमच्याकडे. पंप अडकला म्हणून सांडपाण्याच्या विहिरीत उतरायला निघाला. मी म्हटलं, हवा तपासल्याशिवाय उतरू नको. तो म्हणाला, हो. दोर बांधताना पुन्हा सांगितलं. तो हसला. म्हणाला, साहेब, माझी बायको पण एवढं बोलत नाही. सगळे हसले. मलाही वाटलं, साहेबाने किती वेळा सांगायचं. ऑफिसात जाऊन बसलो.”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चहा थंड झाला होता. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

हेतलबेन कामावर रुजू झाली. दुसऱ्याच आठवड्यात तिने पटेलसाहेबांना विहिरीजवळ सगळ्यांसमोर अडवलं, हे शिपायाकडून कळलं. मी सुर्व्यांना सांगायला गेलो तर ते नुसते “वा” म्हणाले. एकदाच.

मग गंमत अशी झाली की सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर समोरचं दार बंद. गॅसचं कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पेपर सलग वाचून झाला. चौथ्या दिवशी सुमन म्हणाली, “समोर बघा जाऊन. सुर्वेवहिनी गेल्यापासून त्या घरात बोलायला कोण आहे? त्यांचं ते बोलणं तेवढं होतं, तेही आता त्या मुलीला देऊन बसले.”

बघायला जाणं माझ्या स्वभावात नाही. मी बाहेरचं दार सताड उघडं टाकलं, स्वयंपाकघरातलं डुगडुगतं स्टूल आणलं, पंख्याखाली आवाज होईल असं आपटलं आणि फडकं घेऊन वर चढलो. पंखा सुमनने परवाच पुसला होता.

पंख्याची दोन पाती पुसून झाली. मग समोरची कडी वाजली.

“मोहितेभाऊ, उतरा.”

मी पंखा पुसत राहिलो.

चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. ते आमच्या उंबऱ्यापर्यंत आले. “ते स्टूल हलतंय. उतरा म्हणतो ना.”

माझे गुडघे बोलायला लागले होते आणि एक पाय खाली घेतलाही होता. तो पुन्हा वर ठेवला. म्हटलं, होऊ दे माणसाचं तीनदा सांगून.